पोटाला दुष्काळ आठवतो

बुऱ्हाणपूरच्या जुन्या वस्तीत मोहल्ल्यांना वारांची नावं आहेत. इतवारा, बुधवारा, शनवारा. आमचं घर बुधवाऱ्यातलं. इथली दुपार लूमच्या खटखटाटात जाते आणि संध्याकाळ झाल्याचं आधी नाकाला कळतं. साडेचारच्या सुमारास कढया तापायला लागतात. पहिल्यांदा नुसत्या तेलाचा वास येतो, मग कचोरीच्या मसाल्याचा, आणि मग सगळ्यांवर मात करत मावा जिलेबीचा. आमची ही जिलेबी मैद्याच्या जिलेबीसारखी केशरी, कुरकुरीत नसते. ती खव्याची, जाड वेटोळ्याची, तळून गडद तपकिरी झालेली आणि आतपर्यंत पाक प्यायलेली असते. मुंबईत मोहम्मद अली रोडवर ती बुऱ्हाणपूरच्याच नावाने विकतात. एक खाल्ली की दुसरी नको वाटावी इतकी ती जड असते, तरी माणसं पाव किलो बांधून नेतात.

याच सुमाराला माझं पोट बोलू लागतं. जेवून चार तास होऊन गेलेले असतात, वर्गात उभं राहून पाय भरून आलेले असतात, आणि त्यात कोपऱ्यावरून हा वास येतो. वजन उतरवायला घेतलं तेव्हापासून दिवसातल्या या एका तासाचा मी जेवढा विचार केला, तेवढा दुसऱ्या कुठल्याच तासाचा केला नाही.

साखर काठावर आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि वजनाच्या काट्याआधी त्यांनी टेप काढला. आपल्याकडच्या बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत हवी, पुरुषाची ९० च्या आत. माझी बरीच पुढे होती. दिसायला मी काही फार स्थूल नाही. नातलग बायका मला 'अंगाने बरी आहेस' एवढंच म्हणत आल्या. पण आपल्या लोकांच्या शरीरात चरबी कशी लपून बसते, ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगाला दाखवून दिलं आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला होता. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. स्वतःचंच शरीर पुरावा म्हणून मांडणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. तो फोटो पाहिल्यावर 'अंगाने बरी' या शब्दांवर विसंबून राहणं मी सोडलं.

तर वजन उतरवायचं ठरलं. काय खावं हे सांगायला सगळं गाव तयार असतं. भूक लागेल तेव्हा काय करावं, हे मात्र कोणी सांगत नाही. जणू ती लागणारच नाही, किंवा लागली तर तो आपला दुबळेपणा. मराठी घरांत काही वर्षांपूर्वी 'दीक्षित की दिवेकर' हा वाद किती रंगला होता, ते आठवतं. लग्नकार्यात पंगतीला बसलेली माणसंसुद्धा दोन तट पाडून बोलत. डॉ. जगन्नाथ दीक्षित डॉ. श्रीकांत जिचकारांचा धागा पुढे नेत म्हणत होते की दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा. ऋजुता दिवेकर २००९ च्या आपल्या पुस्तकापासून सांगत होत्या की उठल्यावर लवकर काहीतरी खा, आणि मग दर दोन तासांनी थोडं थोडं. दोघांची उत्तरं एकमेकांच्या उलट. वादात इन्शुलिनपासून तुपापर्यंत सगळं आलं. पण दीक्षितांच्या सांगण्यातली पहिली पायरी बहुतेक लोक ओलांडून पुढे पळाले, असं मला वाटतं. तुम्हाला कडकडून भूक केव्हा लागते ते आधी शोधा, असं ते म्हणतात. दोन की सहा हा प्रश्न त्यानंतरचा. आणि दिवेकरांचंही पोटाचं ऐकण्यावर लक्ष आहेच. मी कुठल्याच तटात गेले नाही. पण ती पहिली पायरी मात्र मनापासून धरली.

एक वही केली. खावंसं वाटलं की वेळ लिहायची आणि ते कुठे जाणवतंय ते लिहायचं. पोटात, घशाशी, जिभेवर, की नुसतं डोक्यात. हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात सुरुवातीचे दिवस मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. इतकी वर्षं घड्याळात वाजले म्हणून जेवलो, कोणी ताट वाढलं म्हणून जेवलो, उरलं तर वाया जाईल म्हणून जेवलो. पोटाला विचारायची वेळच आली नव्हती. बायकांच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. सगळ्यांचं झाल्यावर बसायचं आणि पातेल्यात जे असेल ते संपवायचं, ही आमच्या आईची रीत. ती कधी भुकेली राहिली आणि कधी भुकेपेक्षा जास्त जेवली, पण भुकेइतकी जेवली असेल असं वाटत नाही.

हळूहळू वहीतून काही गोष्टी दिसू लागल्या. खरी भूक सावकाश येते. पोटाच्या वरच्या भागात आधी पोकळी जाणवते, मग गुरगुर, मग थोडी चिडचिड, मग हाताला काम सुचेनासं होतं. तिला काहीही चालतं. दुसरी येते ती अचानक, आणि तिला एकच वस्तू हवी असते. दोघींतला फरक ओळखायला मी एक प्रश्न ठरवून ठेवला आहे. आत्ता समोर सकाळची कळण्याची भाकरी आणि लसणीची चटणी ठेवली, तर खाईन का? ज्वारीत काळे उडीद घालून दळलेल्या पिठाची ती भाकरी खानदेशातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. गार झाली की चावायला कष्ट पडतात. खाईन असं उत्तर आलं तर भूक आहे, आणि मग मी खरोखर खाते. नको, जिलेबी हवी, असं उत्तर आलं तर पोट रिकामं नाही. दमणूक असेल, एकटेपणा असेल, किंवा नुसता वास असेल. त्यालाही काही कमी लेखायचं कारण नाही. दमलेल्या माणसाला बसायला हवं असतं, चहा हवा असतो, कोणाशी तरी दोन शब्द बोलायचे असतात. ते द्यावं. फक्त ते पोटाच्या नावावर मांडू नये.

शास्त्रज्ञांनाही भूक नेमकी कुठे असते हे शोधायला बराच काळ लागला. १९१२ साली वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून वॉशबर्न नावाच्या त्याच्या विद्यार्थ्याने रबरी फुगा गिळला, नळीतून तो पोटात फुगवून घेतला आणि पोटाच्या आकुंचनाचा आलेख काढत बसला. भूक लागल्याची कळ आली की तो खूण करी. आकुंचन आणि कळ जोडीने येतात असं दिसलं. पण तेवढ्याने भूक उलगडली नाही. काही आजारांत जठर काढून टाकलेल्या माणसांनाही भूक लागतेच. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला लेप्टिन सापडलं. शरीरातल्या चरबीतून ते निघतं आणि साठा किती आहे याची खबर मेंदूला देतं. १९९९ साली जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांनी जठरातून निघणारं घ्रेलिन शोधलं. ते रक्तात वाढलं की मेंदूला भुकेचा निरोप जातो, आणि जेवण झालं की ते उतरतं.

या घ्रेलिनची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ते आपल्या रोजच्या जेवणाच्या वेळा लक्षात ठेवतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना ३३ तास उपाशी ठेवून त्यांचं रक्त तपासलं. नेहमीच्या जेवणाच्या वेळा जवळ आल्या की घ्रेलिन चढे. आणि जेवण न मिळताच पुन्हा उतरे. भूक वाढत वाढत जाऊन शेवटी माणसाला गिळेल, ही आपली भीती असते. ती तशी वागत नाही. राजघाटावर तापीचं पाणी जसं पायरी पायरी चढतं आणि तितकंच मुकाट्याने उतरतं, तशी ती येते आणि जाते.

हे समजायला मला अभ्यासाची गरज नव्हती, शेजारच्या आपांनी ते केव्हाच सांगितलं होतं. रमजानमध्ये त्या रोजे धरतात, सेहरीला उठतात आणि दिवसभर शिलाईचं यंत्र चालवतात. मी विचारलं, "आपा, दुपारी जीव कासावीस नाही होत?" त्या म्हणाल्या, "पहिले तीन-चार दिवस होतो. मग दुपारची भूक येतच नाही. ती अस्रची नमाज झाल्यावर येते, बरोबर इफ्तारच्या आधी." पोटाने नवं घड्याळ लावून घेतलेलं असतं. माझ्या साडेचारच्या भुकेचं मूळही असंच निघालं. कित्येक वर्षं त्या वेळेला मी चहाबरोबर काहीतरी खात आले होते. ती भूक मी वीस मिनिटं थांबवून बघते, कधी अर्धा तास, आणि पुष्कळदा ती ओसरते. ओसरली नाही तर मूठभर फुटाणे नाहीतर एक केळं. केळ्याला आमच्या जिल्ह्यात कोण नाही म्हणणार? सगळा तापीकाठ त्याच्या बागांनी हिरवा आहे.

पण वजन जसं उतरू लागलं, तशी एक वेगळी भूक सुरू झाली. ती वेळा पाळत नव्हती. पोटभर जेवून उठलं तरी कुठेतरी अजून हवं असं वाटे. रात्री स्वप्नात दराबा दिसे. रवा, तूप आणि साखर फेटून केलेली आमच्या गावची ती पांढरी, तोंडात विरघळणारी मिठाई मी एरवी सणासुदीलाच खाते. या भुकेचा अर्थ लावताना मला माझ्या शहराचा इतिहास उपयोगी पडला, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१६३० साली पाऊस पडला नाही. गुजरात, खानदेश आणि दख्खन होरपळून निघाले आणि १६३२ पर्यंत माणसं मरत राहिली. त्या काळात शाहजहान दख्खनच्या मोहिमेसाठी बुऱ्हाणपुरात तळ देऊन होता. पीटर मंडी हा इंग्रज कंपनीचा माणूस नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून आग्र्याला निघाला आणि या वाटेने गेला. रस्त्यांवर पडलेली प्रेतं आणि ओस पडलेली गावं त्याने लिहून ठेवली आहेत. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी बादशहाची स्तुती करायला बसला होता, तरी त्यालाही माणसांनी पोटासाठी काय काय केलं ते लिहिणं टाळता आलं नाही. बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरतेला लंगर उघडले. शिवाय बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटले जात, कारण सोमवार हा त्याच्या राज्यारोहणाचा वार. असे वीस सोमवार, एकूण एक लाख रुपये. तिकडे देहूत याच दुष्काळाने तुकोबांच्या घरावर घाला घातला. घरातली एक बाई अन्न मागत मागत गेली, हे त्यांनी स्वतःच्या अभंगात सांगून ठेवलं आहे.

दुष्काळ चालू असतानाच, १७ जून १६३१ रोजी, इथल्या किल्ल्यात मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिला तात्पुरतं दफन केलं होतं. पर्यटक येतात ते तिची कहाणी ऐकायला. वाटाडेही तीच सांगतात. लंगरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांबद्दल कोणी विचारत नाही. मला वाटतं, विचारायला हवं. जी माणसं त्या वर्षांतून जगून निघाली, त्यांच्या शरीराने त्यांना जगवलं. अंगातली चरबी पुरवून पुरवून वापरली, हालचाल कमी केली, अंग गार ठेवलं, आणि घासभर अन्न दिसलं की त्याकडे धाव घ्यायला लावलं.

शरीराजवळ आजही तेवढंच ज्ञान आहे. धान्य आलं नाही म्हणून ताट अर्धं आहे, की डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. चरबी घटली, लेप्टिन उतरलं, एवढीच खबर मेंदूला पोचते. मेंदू त्यातून काढायचा तोच अर्थ काढतो, की बाहेर दुष्काळ पडला आहे. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी पन्नास स्थूल माणसांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोने उतरलं. वर्षभराने पुन्हा तपासलं, तर घ्रेलिन तेव्हाही चढलेलं, तृप्ती सांगणारी संप्रेरकं दबलेली, आणि भूक आधीपेक्षा जास्त. अमेरिकेत केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली हिशेब मांडला की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे भूक रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. म्हणजे एका केळ्याएवढी. आठ किलो उतरवणाऱ्याचं शरीर रोज आठ केळी जादा मागत असतं, आणि तो माणूस मात्र आपण हावरट आहोत असं समजून रडत असतो. हे वाचलं त्या दिवशी मला राग आला. इतकी वर्षं आपल्याकडे जाड माणसाला तोंडावर ताबा नाही म्हणून किती बोललं जातं. शाळेतल्या मुलींनासुद्धा.

उपाशी माणसाच्या मनाचं काय होतं, याची सगळ्यांत सविस्तर नोंद अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातली आहे. १९४४-४५ मध्ये, महायुद्ध संपत आलेलं असताना, ॲन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना त्यांच्या संमतीने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालावं हे ठरवण्यासाठी तो प्रयोग होता. मुलं सडपातळ होती, आठवड्याला २२ मैल चालत होती आणि दिवसाला जेमतेम १,६०० कॅलरी मिळत होत्या. काही आठवड्यांतच ती पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटं चाटू लागली, अन्नाचीच स्वप्नं पाहू लागली. पुस्तकात, प्रेमात, राजकारणात कशात रस उरला नाही. आज मोबाइलवर फिरणाऱ्या तक्त्यांमध्ये बायकांना १,२०० आणि त्याहूनही कमी कॅलरी सहज लिहून दिलेल्या असतात. मला दराबा का दिसत होता, ते तिथे कळलं. मी घाई करत होते. ताटातून अन्न फार उचललं गेलं होतं.

मग ताट पुन्हा भरलं, पण वेगळ्या गोष्टींनी. कळण्याची भाकरी, भाजलेल्या वांग्याचं भरीत, मठाची उसळ, वाटीभर दही. डाळी-कडधान्यातली प्रथिनं आणि कोंड्यासकट धान्य पोटात जास्त वेळ टिकतं, हे आता सगळे सांगतात. आमच्या आजीला ते शेतावरच्या मजुरांच्या न्याहारीवरून ठाऊक होतं. बटाट्याची मात्र बाजू घ्यावीशी वाटते. १९९५ साली सिडनीच्या सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थ सारख्याच उष्मांकाचे मोजून लोकांना खायला दिले आणि पोट किती भरल्यासारखं वाटतं ते विचारलं. उकडलेला बटाटा पहिला आला. तोच बटाटा तळून समोशात गेला की गणित बिघडतं, त्यात बिचाऱ्याचा दोष नाही. जेवण सावकाश करते, कारण आतड्यांतून तृप्तीचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं जातात. आणि झोपते. शिकागोत २००४ साली बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि त्यांना ओढ लागली ती गोड, खारट आणि पिठूळ खाण्याची. उत्तरपत्रिका तपासत जागवलेल्या रात्रीनंतरचा माझा दिवस वहीत वेगळाच दिसतो.

आता इंजेक्शनं आली आहेत. २०२५ मध्ये आधी मौंजारो आणि मग वेगोव्ही आपल्या देशात विकायला लागली, आणि शहरांतून त्यांचीच चर्चा आहे. आतड्यांतल्या तृप्तीच्या संप्रेरकाची नक्कल करून ती मेंदूतली भूक शांत करतात. घेणारे सांगतात की डोक्यात सतत चाललेलं खाण्याचं बोलणंच थांबलं. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती घ्यावीत, त्यात लाज कसली? मला त्यांचा एक वेगळाच उपकार वाटतो. निर्धाराने जे थांबलं नाही ते एका औषधाने थांबलं, म्हणजे तो निर्धाराचा प्रश्न कधीच नव्हता, हे आता तरी लोकांना पटेल. औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनातलं दोन तृतीयांश परत येतं, असंही वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या चाचण्यांत दिसलं. दुष्काळाचा निरोप पुन्हा सुरू होतो.

एका भुकेला मात्र वीस मिनिटंही थांबवायचं नसतं. माझे दादा इन्शुलिन घेतात. एकदा एकादशीच्या दिवशी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं आणि ते म्हणत होते, "काही नाही, उपवासामुळे भूक लागली आहे." रक्तातली साखर ७० च्या खाली आली की असं होतं. वहिनीने तीन चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांना पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, आणि मग खायला दिलं. मधुमेहाची औषधं चालू असलेल्या प्रत्येक घरात हे लहानथोरांना ठाऊक असलं पाहिजे.

आणि हे सगळं लिहिताना एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्याच जिल्ह्यात खकनारच्या बाजूला कोरकू आदिवासींची गावं आहेत, पलीकडे खंडव्यातलं खालवा आहे, खाली मेळघाट आहे. तिथली कुपोषित मुलं वर्षानुवर्षं बातम्यांत येतात आणि जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८.७ टक्के बायका वजनाने कमी होत्या आणि २४ टक्के जास्त. कधी कधी एकाच गल्लीत, कधी एकाच घरात. ज्वारी-बाजरीच्या जागी स्वस्त साखर, स्वस्त तेल आणि पाकिटातलं खाणं आलं, त्याने दोघींचंही नुकसान केलं. मुलाच्या हातात पाच रुपयांचं पाकीट दिलं की त्याची भूक मरते आणि पोषण होत नाही. माझी भूक मी वहीत लिहू शकते, थांबवून बघू शकते, कारण स्वयंपाकघरात पीठ आहे याची मला खात्री आहे. ही खात्री नसलेल्या बाईला कोणी भुकेचे प्रकार शिकवायला जाऊ नये. तिला रेशन वेळेवर मिळालं पाहिजे आणि तिच्या अंगणवाडीत आहार पोचला पाहिजे.

गेल्या महिन्यात भाची पुण्याहून आली. तिचं लग्न ठरलं आहे. मोबाइलवर कोणीतरी दिलेला ९०० कॅलरींचा तक्ता तिने मला दाखवला.

"आत्या, भूक लागली की मी काळी कॉफी पिते. मरते मग."

"आणि रात्री?"

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "रात्री अकराला उठून मिळेल ते खाते. मग सकाळी स्वतःचा इतका राग येतो ना!"

मी तिला चरकाचं सांगितलं. अडवून धरू नयेत असे तेरा वेग चरकसंहितेत मोजले आहेत. शिंक, जांभई, झोप, अश्रू यांच्याच ओळीत तिथे भूक आहे. उपवास हाही आपलाच, पण त्याला दिवस नेमलेला असतो आणि सोडायची वेळही. कॉफीने रोज भूक मारत राहणं हा उपवास नव्हे. केस गळतायत का, विचारलं. गळत होते. हात धरला तर गार लागला. पाळी गेले दोन महिने आली नव्हती, आणि हे तिने आईलाही सांगितलं नव्हतं. पोटाने हाक मारून दाद मिळाली नाही, म्हणून बाकीचं शरीर बोलायला लागलं होतं.

"लग्नाला दोनच महिने राहिलेत, आत्या. ब्लाउज मी बारीक मापाचाच सांगणार होते."

वहिनी आतून ऐकत होती. ती बाहेर आली आणि आम्ही तिघी बसलो. तो तक्ता मोबाइलवरून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळची डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. भाचीसाठी नवी वही काढली आणि पहिल्या पानावर तिने स्वतःच्या हाताने जेवणाच्या वेळा लिहिल्या. त्यात सकाळच्या न्याहारीची भर वहिनीने घालायला लावली. मग शिंप्याकडे गेलो आणि ब्लाउजचं माप आत्ता आहे तेच दिलं.